'ऑकारिना ऑफ टाइम' पुन्हा खेळताना: जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या तुलनेच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२४

प्रकल्पाची मांडणी आज नक्की केली. 'द लेजेंड ऑफ झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम' हा गेम निन्टेन्डोने २१ नोव्हेंबर १९९८ रोजी जपानमध्ये निन्टेन्डो ६४ या कन्सोलसाठी प्रसिद्ध केला आणि १६ जून २०११ रोजी तोच गेम नव्याने बांधून थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलवर आणला. नव्या बांधणीचे काम निन्टेन्डोच्या देखरेखीखाली ग्रेझो या टोकियोच्या कंपनीने केले. दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायच्या, एकेक टप्पा आधी जुन्या आवृत्तीत आणि मग नव्या आवृत्तीत खेळायचा, काय बदलले ते लिहायचे, आणि तो बदल का केला असावा याचा शोध खेळातूनच घ्यायचा, अशी पद्धत ठरवली आहे.

चित्रे किती सुधारली, एवढेच पाहणे हा हेतू नाही, कारण ते पाच मिनिटांत कोणालाही दिसते. मला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे: जुन्या गेममध्ये खेळाडूला जी अडचण येत होती, तिच्यातली किती त्या काळच्या यंत्रामुळे होती आणि किती खेळ रचणाऱ्यांनी जाणूनबुजून घातलेली होती, आणि नव्याने बांधणाऱ्यांना या दोन अडचणी वेगळ्या करता आल्या का. जुन्या खेळाचा रिमेक करणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न असतो, आणि बहुतेकांचे उत्तर इथेच चुकते.

७ जुलै २०२४

साहित्याची नोंद. निन्टेन्डो ६४ अमेरिकेतला असल्यामुळे तो १२० व्होल्टवर चालतो, म्हणून मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला आहे, आणि चित्रासाठी जुना काचेचा दूरचित्रवाणी संच वापरला आहे. सपाट संचावर हे चित्र ताणले जाते आणि तुलना अन्यायाची होते. थ्रीडीएसवर प्रदेशाची मर्यादा असते, म्हणजे अमेरिकी कन्सोलमध्ये अमेरिकीच कार्ट्रिज चालते, हे ध्यानात ठेवून दोन्ही सेकंड-हँड वस्तू एकाच प्रदेशातल्या मिळवल्या.

भाचा या कामात सहभागी आहे. तो बारा वर्षांचा आहे, त्याने यातली कोणतीच आवृत्ती कधी पाहिलेली नाही, आणि तो फक्त थ्रीडीएसवर खेळणार आहे. मला रस्ते पाठ आहेत, त्यामुळे खेळाडू कुठे अडतो हे माझ्या खेळण्यावरून कळणार नाही. त्याच्या शेजारी बसून, त्याने विचारल्याशिवाय काही सांगायचे नाही, एवढा एकच नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. १९९८ मध्ये आपल्याकडच्या घरांतून आठ-बिटी नकली कन्सोल आणि त्यांच्या पिवळ्या कार्ट्रिज होत्या; निन्टेन्डो ६४ क्वचितच कोणाकडे दिसे. त्यामुळे माझ्या पिढीतल्या अनेकांची या गेमशी पहिली ओळख पुष्कळ उशिरा झाली, आणि थ्रीडीएसची आवृत्ती हीच त्यांच्यासाठी मूळ आवृत्ती आहे. त्यांच्याकरताही या नोंदी उपयोगी पडाव्यात.

१४ जुलै २०२४

कोकिरी वन आणि हायरूलचे मैदान या गेममधल्या सुरुवातीच्या ठिकाणांवरून चित्राच्या गतीची तपासणी केली. फोनवर सेकंदाला २४० चित्रे या वेगाने दोन्ही पडदे टिपले आणि गेमचा नायक लिंक धावत असतानाचे चित्रण एकेक चित्र पुढे सरकवत पाहिले. जुन्या संचावर लिंकची एक मुद्रा साधारण बारा चित्रे तशीच राहते आणि मग एकदम बदलते. थ्रीडीएसवर ती आठ चित्रांनी बदलते. म्हणजे मूळ गेम सेकंदाला २० फ्रेम दाखवतो आणि नवा ३०. आकडा दहानेच वाढला असला, तरी हातात फरक मोठा जाणवतो. मैदानातून वळताना जुन्या आवृत्तीत कॅमेरा थोडा मागे राहतो आणि मग खेळाडूला गाठतो. नव्यात तो बरोबर चालतो. भाच्याला याबद्दल काही बोलायचे नव्हते, आणि तसेच व्हायला हवे होते, कारण गती पुरेशी असली की तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

चित्रांचा धुरकटपणाही यंत्राचाच होता. निन्टेन्डो ६४ मध्ये भिंती, गवत, लाकूड यांचे पोत, म्हणजे टेक्स्चर, ज्या छोट्या स्मृतीत बसवून रंगवावे लागत, तिची क्षमता अवघी ४ किलोबाइट होती, आणि संपूर्ण गेम ३२ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये मावला होता. एवढ्या जागेत एवढे मोठे जग उभे करणाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे, पण म्हणून तो धुरकटपणा पवित्र ठरत नाही. ग्रेझोने लिंकच्या घरातल्या फळ्या, दुकानांतली मांडणी, झोरा या जलवासी लोकांच्या गुहेतले पाणी हे सगळे नव्याने रंगवले आहे आणि भिंती, वाटा, उड्यांची अंतरे मात्र आहेत तिथेच ठेवली आहेत. डोळ्याला नवे दिसते आणि अंगठ्याला जुनेच लागते. हा गेम ज्यांना पाठ आहे, ते डोळे मिटूनही डेकू या प्रचंड वृक्षाच्या आतल्या कोळ्याच्या जाळ्यावर अचूक उडी घेतील.

२१ जुलै २०२४

कॅसल टाउनची बाजारपेठ. येथे पहिल्यांदा मला जुन्याची बाजू घ्यावीशी वाटली.

मूळ गेममध्ये बाजारपेठ, तिच्यामागच्या गल्ल्या, टेम्पल ऑफ टाइमसमोरचे अंगण आणि कित्येक घरांचे आतले भाग हे प्रत्यक्षात पॉलिगॉनने, म्हणजे त्रिमितीय आकार घडवणाऱ्या बहुकोनी तुकड्यांनी, बांधलेले नव्हतेच. आधीच काढून ठेवलेली स्थिर चित्रे होती आणि त्यांच्यावर लिंकची आकृती चालत असे. एवढ्या गर्दीची पेठ खऱ्या अर्थाने उभी करण्याची ताकद यंत्रात नव्हती, म्हणून केलेली ही सोय होती. थ्रीडीएसवर चित्राला खोली द्यायची असल्यामुळे आणि सपाट चित्राला खोली नसल्यामुळे, ही सर्व ठिकाणे नव्याने बांधावी लागली. नव्या पेठेत दुकानांच्या पाट्या, कारंजे, नाचणारे जोडपे हे सगळे एकमेकांच्या पुढेमागे खरोखर उभे आहे.

तरीही स्थिर चित्रात एक गोष्ट होती, ती अशी की कॅमेरा कोणीतरी विचारपूर्वक निवडून ठेवलेला असे. गल्लीत शिरताना लिंक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एवढासा दिसे आणि घरे त्याच्यावर कललेली असत. मोठ्यांच्या गावात आलेले हे लहान पोर आहे, हे एक शब्दही न बोलता कळे. यंत्राच्या अडचणीतून निघालेली ही सोय होती, परंतु तिचा उपयोग कलावंताने केला होता. यंत्राची अडचण दूर झाली म्हणजे तिच्या आश्रयाने वाढलेली चांगली गोष्टही आपोआप जाते, हे या प्रकल्पाच्या प्रश्नातले पहिले खरे गुंतागुंतीचे ठिकाण आहे. नवी पेठ मला आवडते. परंतु जुन्या गल्लीतले ते कललेले घर मी विसरणार नाही.

३ ऑगस्ट २०२४

लढाईच्या नोंदी. शत्रूवर नजर खिळवण्याची रीत, जी जुन्या कंट्रोलरवर मागच्या झेड बटणाने होई आणि आता डाव्या खांद्याच्या एल बटणाने होते, ती या गेमची जगाला मिळालेली सर्वांत मोठी देणगी आहे. तिच्या जन्माची हकिकत विकासकांनीच सांगितलेली आहे. त्रिमितीत तलवारबाजी कशी जमवावी या विवंचनेत असताना तोरू ओसावा, योशिआकी कोइझुमी आणि त्यांचे सहकारी क्योतोतल्या तोएई चित्रनगरीत गेले आणि तिथे त्यांनी निंजा आणि सामुराई यांचे लुटुपुटीचे युद्ध पाहिले. एक निंजा साखळीला बांधलेला कोयता फेकतो, साखळी प्रतिस्पर्ध्याच्या हातात अडकून ताणली जाते, आणि तिच्या त्रिज्येवर तो भोवती फिरू लागतो. बाकीचे शत्रू तोवर आपली पाळी येण्याची वाट पाहत थांबतात. त्या ताणलेल्या साखळीतून लक्ष्य धरून भोवती फिरण्याची कल्पना आली आणि थांबलेल्या शत्रूंकडून एका वेळी एकानेच चाल करून येण्याची. कोणावर नजर खिळली आहे हे दाखवायला कोइझुमींनी जी खूण केली, तिचीच पुढे नावी नावाची परी झाली.

ग्रेझोने यात काहीही बदललेले नाही. बटण बदलले, पण साखळीची लांबी तीच राहिली. आज भाचा एका स्टालफोसशी, म्हणजे सांगाड्याच्या योद्ध्याशी, लढत होता. दोनदा मार खाल्ल्यावर तो ढाल पुढे धरून नुसता उभा राहिला आणि वार होण्याची वाट पाहू लागला. वार झाला, स्टालफोसची ढाल खाली आली, आणि त्याने त्याच क्षणी तलवार चालवली. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "मामा, तो आधी मारतो आणि मग उघडा पडतो." हेच मूळ गेमने १९९८ च्या खेळाडूंना शिकवले होते, आणि त्यासाठी एकही ओळ लिहून दाखवली नव्हती. ही अडचण खेळाची आहे आणि ती जशीच्या तशी ठेवली गेली आहे.

४ ऑगस्ट २०२४

गलोल आणि धनुष्य यांनी नेम धरताना थ्रीडीएस हातात वळवून रोख बदलता येतो; कन्सोलच्या आतला जायरोस्कोप हालचाल ओळखतो. अंगठ्याने ढकलत नेम धरण्यापेक्षा हे पुष्कळ अचूक आहे आणि डेकू वृक्षातल्या उंच कोळ्यांवर भाच्याने पहिल्याच झटक्यात ते सहज साधले. पण याच यंत्राचे दुसरे वैशिष्ट्य, म्हणजे चष्म्याशिवाय दिसणारी खोली, ही डोळे पडद्याच्या अगदी समोर असतानाच टिकते. कन्सोल वळवले की चित्र फाटून दोन होते. एकाच यंत्रातल्या या दोन सोयी एकमेकींच्या विरुद्ध काम करतात. भाच्याने खोलीची सरकपट्टी खाली ओढली आणि पुन्हा वर केलीच नाही. चेहऱ्याचा मागोवा घेऊन खोली स्थिर ठेवणारे नवे थ्रीडीएस २०१४ च्या अखेरीस जपानमध्ये आले, तेव्हा ही अडचण बरीच कमी झाली. आमच्याकडचे कन्सोल त्याआधीचे आहे. जुन्या यंत्राची अडचण काढताना नव्या यंत्राने आपली एक आणली, एवढे नमूद करून पुढे जातो.

१५ ऑगस्ट २०२४

सुटीचा पूर्ण दिवस वॉटर टेम्पल या पाण्याने भरलेल्या, कोड्यांच्या मंदिरासाठी ठेवला होता. प्रकल्पाच्या प्रश्नाचा कस इथेच लागणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होते.

रचना अशी आहे. मध्यभागी एक पोकळ मनोरा, त्याच्याभोवती तीन मजले उंचीचे एक मोठे जलमय दालन, आणि प्रत्येक मजल्यावरून चारी दिशांना फुटणाऱ्या वाटा. पाण्याची पातळी तीन ठिकाणी बदलता येते. त्या प्रत्येक ठिकाणी त्रिफोर्सचे, म्हणजे तीन त्रिकोणांचे, चिन्ह असलेला फलक आहे, त्याच्यासमोर ऑकारिना या फुंकून वाजवायच्या वाद्यावर 'झेल्डाज ललबाय' ही सहा सुरांची धून वाजवायची, आणि प्रत्येक फलक ठरलेली एकच पातळी देतो. पाणी वर असताना ज्या दारांशी पोहत जाता येते, ती पाणी उतरल्यावर हवेत लटकतात. पाणी उतरल्यावर जी दारे उघडी पडतात, ती पाणी चढल्यावर तळाशी जातात. त्यामुळे खेळाडूला संपूर्ण इमारत तिन्ही पातळ्यांसह डोक्यात धरावी लागते. पाण्यात श्वास घेण्यासाठी झोरा अंगरखा आणि तळाला उतरण्यासाठी लोखंडी बूट, म्हणजे आयर्न बूट्स, ही दोन साधने जवळ असतात.

आता जुन्या यंत्रावर बूट घालायचे म्हणजे काय, ते पाहा. स्टार्ट दाबायचे, खेळ थांबून चार बाजूंच्या पेटीसारखा मेनू पुढे येतो, पोशाखाची बाजू समोर नसेल तर झेड किंवा आर दाबून पेटी फिरवायची, बाणाची खूण बुटांवर न्यायची, ए दाबायचे, पुन्हा स्टार्ट दाबायचे, पेटी मिटेपर्यंत थांबायचे. मग लिंक बुडू लागतो. तळाशी पोहोचल्यावर, वर यायचे असेल तर हे सगळे उलट. वॉटर टेम्पलमध्ये हे दर काही पावलांवर करावे लागते. आज सकाळी मी जुन्या संचावर हे मंदिर पूर्ण केले, तेव्हा संगीताचा एक सलग तुकडाही मला नीट ऐकता आला नाही, इतक्या वेळा तो मेनूने तोडला.

या मंदिराची जगभर जी अपकीर्ती झाली ती कोड्यामुळे झाली, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. कोडे अवघड आहे, पण ते न्यायाचे आहे. अपकीर्ती झाली ती या मेनूमुळे, कारण जिथे खेळाडूने विचार करावा अशी अपेक्षा होती, तिथे त्याला सारखे कपडे बदलायला लावले. मूळ गेममधल्या मंदिरांच्या रचनेची जबाबदारी एइजी आओनुमा यांच्याकडे होती, आणि बुटांच्या या कटकटीबद्दल त्यांनी पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. नव्या आवृत्तीचे निर्माते या नात्याने त्यांनी ती दुरुस्त करून घेतली.

दुरुस्ती साधी आहे. थ्रीडीएसवर आयर्न बूट्स हे पोशाखातून काढून वस्तूंमध्ये टाकले आहेत. म्हणजे बाण किंवा बॉम्बप्रमाणे ते एखाद्या बटणाला जोडता येतात, आणि खालच्या स्पर्शपडद्यावर बोट टेकवले की लिंक चालता चालता, खेळ न थांबता, बूट घालतो किंवा काढतो.

दुपारी भाचा खेळायला बसला आणि मी त्याच्या डाव्या बाजूला वही घेऊन बसलो. पहिला अर्धा तास तो मी खेळलो तसाच खेळला: काठावर उभे राहून बूट, तळाशी जाऊन चालणे, बूट काढून वर. मग त्याला काहीतरी सापडले. वर तरंगत येत असताना भिंतीतली एक वाट मध्येच दिसली, तेव्हा त्याने अर्ध्या पाण्यातच बोट टेकवले, लिंक खाली बसू लागला, वाटेच्या तोंडाशी आल्यावर त्याने पुन्हा बोट टेकवले आणि तरंगत आत शिरला. त्यानंतर तो बूट घालणे-काढणे असे करीतच नव्हता. तो पाण्यात स्वतःची उंची ठरवत होता. पाण्यात श्वास रोखणे-सोडणे यावर पोहणाऱ्याचे शरीर वरखाली होते, तसा त्याचा अंगठा चालत होता.

ही गोष्ट जुन्या आवृत्तीतही तत्त्वतः करता येते. पण प्रत्येक वेळी तिची किंमत एवढी असे की कोणी ती करून पाहत नसे. किंमत उतरली आणि पोशाखाचा एक तुकडा हालचालीचा एक प्रकार झाला. मंदिराच्या भिंती तशाच राहिल्या, कोडे तसेच राहिले, आणि तरी खेळणे बदलले. या बदलाने खेळ सोपा झाला असे म्हणणाऱ्यांनी त्या खुर्चीत बसायला हवे होते, कारण पुढचा दीड तास भाचा पातळ्यांच्या कोड्यात पूर्ण हरवला होता. त्याचे हरवणे आता मनोऱ्यात आणि दारांत होते, मेनूत नव्हते.

१६ ऑगस्ट २०२४

कालच्या नोंदीत एक बाजू राहिली. नव्या मंदिरात भिंतींवर रंगीत पट्टे काढले आहेत, आणि पातळी बदलण्याच्या फलकांकडे कसे जायचे ते या पट्ट्यांवरून कळते. बूट बदलले त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे; पट्ट्यांबद्दल मात्र रात्रभर विचार करूनही मन सरळ होत नाही.

एका बाजूने पाहिले तर इमारत डोक्यात धरणे हेच या मंदिराचे कोडे आहे, आणि पट्टा त्यातला काही भाग खेळाडूसाठी धरतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर पट्टा एवढेच सांगतो की फलक कुठे आहे. पाणी केव्हा चढवायचे, केव्हा उतरवायचे आणि चढवण्यापूर्वी तळाचे कोणते दार तपासून घ्यायचे, हे तो सांगत नाही. भाचा नेमका इथेच चुकला: पट्ट्यामागून जाऊन त्याने पाणी वर आणले, आणि मग ध्यानात आले की एक किल्ली खालीच राहिली. म्हणजे कोड्याचा गाभा शिल्लक आहे. तरीही मी नव्याने बांधणारा असतो तर बूट बदलून थांबलो असतो, पहिल्या काही खेळाडूंना नुसते पाहिले असते, आणि मगच रंगाची कुंचली उचलायची की नाही ते ठरवले असते. दोन उपाय एकदम केल्यामुळे दुसऱ्याची गरज होती का, हे आता कोणालाच कळणार नाही.

१ सप्टेंबर २०२४

बटणांची नोंद, थोडक्यात. जुन्या कंट्रोलरवर तीन पिवळ्या सी बटणांना तीन वस्तू लागत आणि त्यांतली एक जागा ऑकारिना बहुधा अडवून बसे. थ्रीडीएसवर एक्स आणि वाय ही दोन बटणे, पडद्यावरच्या दोन जागा, आणि ऑकारिनासाठी वेगळी राखीव जागा आहे. ऑकारिनाचे पाच सूर खालून वर एल, आर, वाय, एक्स, ए असे लागतात. 'साँग ऑफ स्टॉर्म्स' पूर्वी ए, सी-खाली, सी-वर असे दोनदा वाजवायचे. आता एल, आर, ए असे दोनदा. सूर तेच आहेत, पण सी बटणांवर वरच्या सुराचे बटण खरोखर वर होते आणि खालच्याचे खाली, त्यामुळे हाताला धून नकाशासारखी आठवत असे. नव्या मांडणीत तो आधार नाही. हे टाळता येण्यासारखे नव्हते, कारण यंत्रावर ती बटणेच नाहीत.

त्याच जातीचे आणखी एक उदाहरण. मूळ गेममधला 'स्टोन ऑफ अ‍ॅगनी' जवळ असला आणि कंट्रोलरला रंबल पॅक हा कंपन देणारा जोड लावलेला असला, की एखाद्या गुप्त विवराजवळून जाताना हात थरथरे. थ्रीडीएसमध्ये कंपनाची सोयच नाही, म्हणून दगडाचे नाव बदलून 'शार्ड ऑफ अ‍ॅगनी' केले आणि तो आता आवाजाने खूण देतो. जमिनीखालची गोष्ट तळहाताला कळणे आणि कानाला कळणे यांत फार अंतर आहे. येथे मूळ आवृत्ती निर्विवाद सरस आहे.

२२ सप्टेंबर २०२४

संगीत. कोजी कोंदो यांनी हायरूलच्या मैदानासाठी एक लांब चाल न बांधता आठ-आठ मात्राखंडांचे अनेक छोटे तुकडे बांधले, कोणत्याही तुकड्यानंतर कोणताही तुकडा शोभेल अशी त्यांची जुळणी केली, आणि क्रम यंत्रावर सोडला. लिंक थांबला की शांत तुकडे येतात, शत्रू जवळ आला की आवेशाचे. त्यामुळे मैदान कितीही वेळा ओलांडले तरी त्याच चालीचा कंटाळा येत नाही. ध्वनी देण्याची थ्रीडीएसची क्षमता निन्टेन्डो ६४ पेक्षा कितीतरी अधिक असूनही गेममधले संगीत वाद्यवृंदाने पुन्हा वाजवून घेतलेले नाही. जुना नाद जपला आहे आणि वाद्यवृंदाची रचना शेवटच्या नामावळीसाठी राखली आहे. हा संयम मला फार मोलाचा वाटतो. ध्वनिमुद्रित वाद्यवृंद घातला असता तर तुकड्यांची ही मुक्त जोडणी सांभाळणे अवघड गेले असते, आणि नुसत्या भव्यतेसाठी एक उत्तम कल्पना गमावली असती.

१३ ऑक्टोबर २०२४

मदतीच्या दगडांबद्दल. नव्या आवृत्तीत लिंकच्या घराशेजारी आणि टेम्पल ऑफ टाइममध्ये शेइकाह स्टोन ठेवले आहेत. त्यांच्यात डोकावले की पुढे काय करायचे याची छोटी दृश्ये दिसतात. शॅडो टेम्पलमध्ये अडल्यावर भाच्याने पहिल्यांदाच विचारले, "मामा, जाऊ का दगडाकडे?" मी त्याचे त्यालाच ठरवू दिले. मंदिरातून बाहेर पडून, सगळा रस्ता सोडून तिथे जायचे त्याच्या जिवावर आले, आणि तो आणखी थोडा वेळ तिथेच शोधत राहिला. अदृश्य भिंत त्याला लपलेले दाखवणाऱ्या जादूच्या लेन्सने सापडली.

मदत हाताशी ठेवली असती तर त्याने ती लगेच घेतली असती. बुटांच्या बाबतीत अंतर शून्यावर आणणाऱ्यांनी इथे मात्र अंतर राखून ठेवले. कोणती किंमत उतरवायची आणि कोणती ठेवायची, याचा हा विचार मला या संपूर्ण रिमेकमधला सर्वांत परिपक्व वाटतो. नावी अधूनमधून विश्रांती घ्यायला सांगते तेही यातच धरावे, जरी भाच्याने तिचे एकदाही ऐकले नाही.

३ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुटीत भाच्याने गॅनॉन या शेवटच्या शत्रूला हरवले आणि मास्टर क्वेस्ट उघडला. ही अवघड मंदिरांची आवृत्ती निन्टेन्डो ६४ च्या डिस्क-जोडणीसाठी योजली होती, तिथे ती आली नाही, आणि पुढे गेमक्यूब या निन्टेन्डोच्या नंतरच्या कन्सोलवर प्रसिद्ध झाली. थ्रीडीएसवर तिच्यात संपूर्ण जग आरशातल्यासारखे उलटे केले आहे आणि लागणारा मार दुप्पट आहे. डावखुरा लिंक उजव्या हाताने तलवार धरतो. माझ्या दृष्टीने ही फार उपयुक्त कसोटी ठरली, कारण इतक्या वर्षांचे माझे पाठांतर एका क्षणात निरुपयोगी झाले आणि पहिल्यांदाच भाचा आणि मी एकाच पातळीवर आलो. कोकिरी वनातून बाहेर पडताना मी सवयीने वळलो आणि भिंतीला धडकलो, तेव्हा तो मनापासून हसला.

या आवृत्तीतले वॉटर टेम्पल मूळपेक्षा आटोपशीर आहे. बुटांची सोय तीच आहे, पट्टेही आहेत, आणि इथे मी त्यांच्याकडे पाहिले, कारण उलट्या इमारतीत मलाही आधार हवा होता. १६ ऑगस्टच्या नोंदीतले मत त्यामुळे बदललेले नाही. पट्टा कोणाला आणि केव्हा लागतो, हे मात्र अधिक स्पष्ट झाले.

१७ नोव्हेंबर २०२४

पुढच्या टप्प्याची आखणी. ग्रेझोनेच नव्याने बांधलेला 'मेजोराज मास्क' फेब्रुवारी २०१५ मध्ये थ्रीडीएसवर आला, आणि तो आता घ्यायचा, कारण तिथे हाच प्रश्न उलट्या बाजूने समोर येतो. २००० सालच्या मूळ गेममध्ये झोरा मुखवटा घातला की लिंक पाण्यातून माशाच्या वेगाने सुळकन जाई, आणि त्यासाठी काहीही खर्च होत नसे. आवरायला ते पोहणे कठीण होते, भिंतींवर आपटायला होई, परंतु त्या कठीणपणातच त्याचे सुख होते. नव्या आवृत्तीत साधे पोहणे संथ केले आहे आणि जुना वेग हवा असेल तर जादूची शक्ती खर्चावी लागते. बुटांच्या वेळी या लोकांनी किंमत काढून हालचाल मोकळी केली होती. इथे मोकळ्या हालचालीला त्यांनीच किंमत लावली. माझ्या मते इथे त्यांनी खेळाची अडचण ही यंत्राची अडचण समजून काढून टाकली.

हे मत खेळून तपासायचे आहे. थ्रीडीएसची डिजिटल विक्री मार्च २०२३ मध्ये बंद झाल्यामुळे कार्ट्रिजच मिळवावी लागेल, आणि ती अमेरिकी प्रदेशातलीच हवी. भाच्याला मूळ निन्टेन्डो ६४ ची आवृत्ती आधी द्यायची आणि नवी नंतर, असा क्रम यावेळी ठेवणार आहे, म्हणजे झोराच्या पोहण्याबद्दल तो जे बोलेल ते माझ्याकडून ऐकलेले नसेल.